तुझ्या वेळेपासून

पत्राच्या तिसऱ्या ओळीत एक मोकळी जागा जास्तीची सुटली होती. ती जागा बुजवायला ताई गेली आणि तिथेच अडकली. पत्र नेहमीचं होतं. अकरा वर्षांत तिने ते चारदा तरी काढलं असेल. मजकूर तयार असायचा, फक्त नाव, तारीख आणि गैरहजेरीचे दिवस तेवढे बदलायचे. ‘दीर्घकालीन प्रकृती अस्वास्थ्यामुळे आपणास यापुढे सेवेत ठेवणे शक्य नाही.’ रोज जाता-येता दिसणाऱ्या पाटीसारखं ते वाक्य. दिसतं, पण कोणी वाचत नाही. आता मात्र जास्तीची जागा शोधत ती एकेका शब्दावरून गेली आणि ‘प्रकृती अस्वास्थ्य’ या दोन शब्दांपाशी थबकली. ओळखीचं माणूस नको त्या ठिकाणी दिसावं तसं काहीतरी झालं. हे शब्द तिने चार महिन्यांपूर्वी ऐकले होते. स्वतःच्या घरात, आईला जाऊन आठवडा झाला असताना, एका म्हातारीच्या तोंडून.

काचेच्या पलीकडे लॅब चालू होती. दातांची लॅब. शहरातले डॉक्टर तोंडाची मापं पाठवतात आणि इथे त्यांवरून साचे, कॅपा, कवळ्या तयार होतात. घासण्याच्या यंत्रांची बारीक घरघर, वितळलेल्या मेणाचा वास, आणि कितीही पुसलं तरी फोनच्या आकड्यांवर बसणारी प्लास्टरची पांढरी भुकटी, या सगळ्यात तिची अकरा वर्षं गेली होती. पगार, हजेरी, रजा, पत्रं ही तिची कामं. सगळे तिला ताई म्हणत. तिच्याहून दहा वर्षांनी मोठे प्लास्टरवाले काकासुद्धा. भिंतीवर साहेबांनी स्वतःच्या हाताने लिहून लावलेला कागद होता: एक तोंड, एक ट्रे. एका माणसाच्या तोंडाचं जे काही असेल, माप, साचा, चिठ्ठ्या, डॉक्टरांच्या तक्रारी, सगळं एकाच ट्रेमध्ये. दोन तोंडांचे कागद एकत्र झाले की तिसऱ्याच माणसाच्या घशाखाली घास उतरत नाही, असं साहेब नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगत. ही शिस्त सगळ्यांच्या इतकी अंगवळणी पडली होती की काका घरी विजेची बिलंही खोलीवार ट्रेमध्ये ठेवत आणि त्यावरून बायकोची बोलणी खात.

पत्र होतं रंगवालीचं. तिला नाव होतं, पत्रावरही ते होतं, पण लॅबमध्ये ती नऊ वर्षं रंगवालीच होती. पोर्सेलीनच्या कॅपेवर केसाच्या ब्रशाने रंग चढवायचा, शेजारच्या खऱ्या दाताशी तो असा मिळवायचा की नवरा-बायकोलाही ओळखू येऊ नये. तिला दिवस गेले आणि सातव्या महिन्यात तिच्या उजव्या हाताची बोटं बधिर व्हायला लागली. ‘ताई, ब्रश हातात आहे की नाही ते बघावं लागतं, कळत नाही,’ असं ती हसत सांगायची. मग रात्री हात जड व्हायचा, सकाळी मूठ वळायची नाही. डॉक्टरांनी लिहून दिलं, ती अधूनमधून घरी राहिली. मुलगी झाली. रजा झाली. रजा संपल्यावर ती कामावर आली ती मनगटाला पट्टा बांधूनच. मुलीला उचलून उचलून अंगठ्याच्या मुळाशी नवीनच दुखणं सुरू झालं होतं. नवव्या दिवशी भट्टीतून काढलेली एक कॅप तिच्या चिमट्यातून निसटली आणि फरशीवर फुटली. तिने वाकून तुकडे गोळा केले, ट्रेमध्ये ठेवले, आणि पट्ट्यातला हात दुसऱ्या हातात धरून घरी गेली. तेव्हापासून चार दिवस हजर, दहा दिवस गैरहजर. लॅबचा नियम असा की बारा महिन्यांत आजारपणाचे नव्वद दिवस भरले की नोकरी संपवता येते. तिचे एकशे बारा झाले होते. ते तिनेच, ताईनेच, मोजले होते.

एकशे बारा. तिने आकड्याकडे पाहिलं. आकडा बरोबर होता. त्याच्यात काही बोचण्यासारखं नव्हतं, आणि तरी काहीतरी बोचत होतं. बुटात खडा असावा पण बूट काढून झटकला की काहीच पडू नये, तसं. ती उठली, पाणी प्यायली, परत येऊन बसली. पत्र आजच्या टपालात जायचं होतं. साहेब सकाळी म्हणाले होते, ‘काढून टाका एकदा. वाईट मलाही वाटतं. पण कामं परत यायला लागलीत.’ कोपऱ्यातल्या लाल ट्रेमध्ये परत आलेल्या कॅपा होत्या. रंगवाली नसल्यापासून रंगाचं काम दोघा पोरसवदा कारागिरांकडे होतं आणि ते ट्यूबलाइटच्या उजेडात रंग मिळवत.

ती म्हातारी आईची मैत्रीण होती, भेटायला आली होती ती दुपारची, हातात पिशवी, पिशवीत चार संत्री. ताईने तिला आपल्या लहानपणी पाहिलेलं. रेडिओच्या कारखान्यातली मावशी. आई लग्नाआधीपासून त्या कारखान्यात होती. केसाहून बारीक तांब्याची तार नळीवर गुंडाळून कॉइल करायची. ते दिवस आई क्वचित सांगे, आणि सांगे तेव्हा तिचा चेहरा असा व्हायचा की लहानपणी तिला वाटे, आई आधी कुठल्यातरी दुसऱ्या गावची राणी होती. ‘मग सोडलंस का?’ असं विचारलं की आई म्हणे, ‘कंटाळा आला.’ पुढे आयुष्यभर आई बटणांच्या दुकानात बसली. हजार प्रकारची बटणं, हजार डबे. कंटाळा येणाऱ्या बाईने बटणांच्या दुकानात सत्तावीस वर्षं काढावीत हे तिला कधी खटकलं नव्हतं. आईबापांच्या गोष्टीतल्या भोकांकडे मुलांचं लक्ष जात नाही. ती त्यांतूनच ये-जा करत मोठी होतात.

मावशी संत्री ठेवून म्हणाली, ‘हात बघायला हवे होतेस तुझ्या आईचे. साडेचारशे वेढे, एकही एकमेकांवर चढायचा नाही. साहेब लोक बाहेरचे पाहुणे आले की तिच्या टेबलाशी आणायचे. आणि तुझ्या वेळेस त्यांनीच तिला काढली.’

‘काढली?’

मावशीने संत्र्याकडे पाहिलं. ‘तुला नाही सांगितलं तिने?’

‘कंटाळा आला म्हणून सोडलं म्हणायची.’

‘बघ. मग मी कशाला तोंड उघडलं.’ पण तोंड उघडलं होतं आणि ते मिटण्याचं मावशीचं वय नव्हतं. ‘अगं, तू झालीस आणि तिचे हात थरथरायला लागले. वाळत चालली, छाती धडधडायची. गळ्यातल्या गाठीचं काहीतरी होतं, ते कळायला वर्ष गेलं. गोळ्या सुरू झाल्यावर हात थांबले. पण तोवर कुठली तार आणि कुठलं काय. बाळंतपणाची रजा संपली, परत आली, दोन दिवसांत पाच तारा तोडल्या. मग आजारपणाची रजा. आणि मग एक दिवस टपालाने पत्र. मीच वाचून दाखवलं, तिचे डोळे भरलेले. बाळंतपण हा शब्दच नाही त्यात. प्रकृती अस्वास्थ्य म्हणे. मी म्हटलं, आपण वर जाऊ, भांडू. ती म्हणाली, जाऊ दे. ही मोठी झाल्यावर तिला वाटेल, आपल्यामुळे.’

मावशी गेल्यावर तिने संत्री धुतली आणि पुसून पुन्हा पिशवीत भरली. ती रडली नाही. रडण्याच्या अलीकडे एक जागा असते, तिथे माणूस उगाच नीटनेटकं वागतं. त्या जागी ती चार महिने होती.

‘तुझ्या वेळेपासून’ हे आईचं बोलणं होतं. तुझ्या वेळेपासून हे केस असे झाले. तुझ्या वेळेपासून मला जिना चढला की धाप लागते. तुझ्या वेळेपासून चहा कमी केला. आई ते तक्रार म्हणून म्हणत नसे. कॅलेंडर म्हणून म्हणे, जसं कोणी म्हणतं मोठा पूर आला त्या साली. लहानपणी तिला तो मान वाटायचा. आपल्या जन्मापासून आईच्या आयुष्याचं दुसरं पुस्तक सुरू झालं असं. मावशीनंतर मात्र ती सगळी वाक्यं उलटी फिरून तिच्याकडे आली. घरातला रेडिओ बिघडला की आई तो कधी उघडत नसे. वडील म्हणायचे, ‘घरात तज्ज्ञ असून दुकानात पैसे द्यायचे,’ आणि आई म्हणे, ‘मी कॉइलवाली, रेडिओवाली नाही.’ सगळे हसत. त्या हसण्यात तीही असे, शाळेच्या गणवेशात, तोंडात घास. आता तिला वाटे, आपण म्हणजेच तो आजार. पत्रात लिहिता आलं नाही म्हणून त्याला दुसरं नाव दिलं एवढंच.

काचेपलीकडे कोणीतरी हसलं. ती भानावर आली. आणि मग एक अगदी साधी गोष्ट तिच्या डोक्यात शिरली, इतकी साधी की इतक्या महिन्यांत ती का सुचली नाही याचंच नवल. आईचं पत्रही कोणीतरी टाइप केलं असेल. कारखान्याच्या कुठल्यातरी खोलीत, खिडकीशी किंवा खिडकीविना, एका बाईने. तिने दिवस मोजले असतील, शेजारणीशी दोन शब्द बोलली असेल, कागद यंत्रात सरळ बसला ना ते पाहिलं असेल. ती वाईट असण्याचं काही कारण नव्हतं. ती नीटनेटकी असेल. तिच्या हातून एका दिवसाची चूक होत नसेल.

तिने दार लोटून घेतलं आणि कामगार कार्यालयाचा नंबर लावला. पुष्कळ वाजल्यावर एका माणसाने उचलला. काहीतरी खात होता.

‘नाव सांगू नका,’ तो आधीच म्हणाला. ‘नाव सांगितलंत की मला फाइल उघडावी लागते, आणि इथे उघडलेली फाइल माझ्या निवृत्तीपर्यंत मिटत नाही. नुसतं विचारा.’

तिने विचारलं. तो मध्ये मध्ये ‘हं’ म्हणत राहिला.

‘आजार सुरू कधी झाला?’

‘सातव्या महिन्यात. बाळंतपणाची रजा संपली, पण आजार नाही संपला.’

‘नाहीच संपत. त्याला कुठे रजेचा अर्ज वाचता येतो.’ त्याने घोट घेतला. ‘हे बघा ताई. दिवस राहिल्यापासून बाळंतपणाची रजा संपेपर्यंत बाई छत्रीखाली असते. तेवढ्या काळात त्या कारणाने ती आजारी पडली, तर ते दिवस तिच्याविरुद्ध धरायचे नाहीत. आज नाही, वर्षाने नाही, कधीच नाही. रजा संपली की छत्री मिटली. त्यानंतरचा आजार बाळंतपणातूनच आलेला असला, तरी कायद्याच्या लेखी तो साधा आजार. तुमच्या-माझ्या सर्दी-खोकल्यासारखा.’

‘पण आजार एकच आहे. एकच हात आहे.’

‘आजार असू दे की एक. दिवस दोन प्रकारचे.’

तिने समोरच्या कागदावर ‘दोन प्रकारचे’ असं लिहिलं.

‘आहात ना? हां. आणि छत्री मिटली म्हणजे बाई अगदीच उघड्यावर, असंही नाही. तिच्या जागी पुरुष असता, तितकेच दिवस आजारी असता, तर तुम्ही त्याचं काय केलं असतं? तेच तिचं करायचं. कमी नाही, जास्त नाही. तुम्ही कोणाकडून विचारताय? बाईकडून की मालकाकडून?’

‘मी पत्र टाइप करते,’ ती म्हणाली.

तिकडे खाणं थांबलं. ‘मग बरं केलंत. मला लोक पत्र मिळाल्यावर विचारतात. टाइप करताना विचारणारं माणूस पहिलंच.’

फोन ठेवून तिने रंगवालीचा ट्रे काढला. तो खरोखरच ट्रे होता, निळा, कॅपांचा असतो तसाच. ऑफिसातही ती तसंच करायची. एका माणसाचा एक आजार, सगळे कागद एकत्र: सातव्या महिन्यातली डॉक्टरांची पहिली चिठ्ठी, मग आठव्यातली, मग मधली मोठी रजा, मग नंतरच्या चिठ्ठ्या. सगळ्यांवर एकच हात, एकच अक्षर, एकच दुखणं. मोठी रजा तेवढी तिने वगळली होती, ते तिला माहीतच होतं. पण आधीचं आणि नंतरचं एकत्र झालं होतं, कारण तोंड एकच होतं. तिने चिठ्ठ्या दोन बाजूंना मांडल्या. डावीकडे आधीचे एक्केचाळीस दिवस, उजवीकडे नंतरचे एकाहत्तर. डावीकडचे कोणाचेच नव्हते. ते मोजायचेच नव्हते. तिने दुसऱ्यांदा मोजलं, मग तिसऱ्यांदा. बुटातला खडा सापडला होता, आणि तो तिनेच घातलेला होता. एक्केचाळीस. आपलं वय, तिच्या मनात येऊन गेलं, आणि तिने ते जाऊ दिलं.

पण त्याहून अवघड गोष्ट पुढे होती. आईचं पत्र तीन महिन्यांची रजा संपल्यावर अकरा आठवड्यांनी आलं होतं. मावशीच्या हिशेबाने, आणि मावशीचा हिशेब पक्का असे. म्हणजे छत्री मिटल्यावर. म्हणजे कदाचित तेव्हा कोणी काही चुकलंच नव्हतं. किंवा चुकलं असेल. आधीचे दिवस तिच्याही पत्रात शिरले असतील. त्या कारखान्यात हात थरथरणारा एखादा पुरुष असेल, त्याला दुसरं काम दिलं असेल. आता ते कोणाला विचारणार? कारखान्याच्या जागी गाड्या धुतात. तिला वाटलं, आईवर अन्याय झाला हे नक्की कळलं असतं तर रागावता तरी आलं असतं. न कळण्याला हात कुठे लावायचा ते समजत नाही. खूप वेळ ती दोन ढिगांकडे बघत बसली, आणि मग लक्षात आलं की पहिल्यांदाच ती या गोष्टीचा विचार करताना स्वतःचं नाव घेत नव्हती. ती दिवसांचा विचार करत होती. टाइप करणाऱ्या बाईचा. स्वतःचा, म्हणजे त्या बाळाचा, नव्हता करत. बाळाने काही टाइप केलं नव्हतं.

ट्रे घेऊन ती बाहेर आली. साहेब काकांच्या टेबलाशी एका साच्यावर वाकले होते, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हातांवर प्लास्टर वाळलेलं. मालक झाल्यावरही त्यांचे हात कारागिराचेच राहिले होते.

‘गेलं का पत्र?’

‘नाही. दिवस चुकलेत.’

‘किती?’

‘एक्केचाळीस.’

साहेब सरळ झाले. ‘ताई, तुमच्या हातून कधी दुपारच्या सुट्टीची पाच मिनिटं चुकली नाहीत.’

‘एक तोंड, एक ट्रे केलं मी. तिचे दिवस दोन प्रकारचे होते.’ तिने सांगितलं, छत्रीसकट. साहेबांनी मधे तोंड घातलं नाही. ऐकून झाल्यावर त्यांनी बोटांवरचं प्लास्टर सोललं.

‘म्हणजे एकाहत्तर. बरं. म्हणजे आज नाही. एकोणीस दिवसांनी पुन्हा हेच पत्र. तारीख तेवढी बदला.’

‘तेव्हा काकांचंही पत्र निघेल.’

‘कोणाच्या काकांचं?’

‘आपल्या.’

प्लास्टर कालवणारे काका थांबले. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या पाठीचा मणका सरकला होता. साडेचार महिने ते घरी होते, आणि परत आल्यावर साहेबांनी सुताराकडून उंच स्टूल करून घेतलं होतं, प्लास्टरची पोती उचलायला दुसरा माणूस लावला होता. पत्र कोणी काढलं नव्हतं. पत्र असतं हेही तेव्हा कोणाला आठवलं नव्हतं, तिलाही नाही.

‘काकांचं वेगळं,’ साहेब म्हणाले. ‘पाठ होती ती.’

‘हिचा हात आहे.’

‘ते बरे होणार हे माहीत होतं.’

‘कुणाला माहीत होतं?’ काका म्हणाले. ‘मला तर डॉक्टर म्हणाला होता, आता नातवंडं खेळवा. नातवंडं नव्हती म्हणून आलो परत.’

‘तुम्हाला कोणी विचारलं?’

‘माझी पाठ मध्ये आली म्हणून बोललो. ती आधीच वाकडी आहे, तिच्यामागे आणखी लपू नका.’ काकांनी वाडग्यात पळी फिरवली. ‘मला स्टूल दिलंत, साहेब. अजून बसतोय. तिला नुसतं पत्र, हे बरं दिसत नाही.’

साहेब पुन्हा साच्याकडे वळले. ते चिडले होते की विचार करत होते हे त्यांच्या पाठीवरून कळेना. तिच्या जिभेवर एक गोष्ट आली होती: तो लाल ट्रे. म्हणावं, तुमच्या परत आलेल्या कॅपा बघा. तिच्याशिवाय तुमचं चालत नाही. एका वाक्यात काम झालं असतं. पण तिने ते वाक्य गिळलं. आईशिवाय त्यांचं चाललं होतं. साडेचारशे वेढे घालणारं दुसरं कोणीतरी त्यांना महिन्याभरात मिळालं असेल. माणसाला ठेवायचं ते त्याच्याशिवाय अडतं म्हणून, असं असेल तर ज्याच्याशिवाय अडत नाही त्याने कुठे जायचं? तिला हे दिवसांच्या आणि स्टुलाच्या जोरावरच व्हायला हवं होतं. अकरा वर्षांत ती साहेबांपुढे इतका वेळ कधी उभी राहिली नव्हती.

‘करणार काय ती येऊन?’ साहेब शेवटी म्हणाले. ‘ब्रश धरता येत नाही.’ मग त्यांची नजर आपणहूनच कोपऱ्याकडे गेली, आणि तिथे जरा रेंगाळली. ‘डोळे ठीक आहेत ना तिचे?’

‘डोळ्यांचं काही लिहिलेलं नाही डॉक्टरांनी.’

‘मग शेड तर सांगेल. रंग पोरं चढवतील, ती नुसतं बघून सांगेल. खिडकीशी टेबल टाका. अर्धा दिवस.’ आणि जाता जाता, जणू तिनेच उशीर केला असावा तसं, ‘हे आधी का नाही सुचवलंत?’

तिला हायसं वाटलं आणि थोडा रागही आला, आणि दोन्ही एकाच जागी राहू शकतात हे पाहून तिला बरं वाटलं. ती जागेवर आली. पत्रातली मोकळी जागा अजून तशीच होती. तिने सगळंच पुसलं आणि रंगवालीला फोन लावला. मागे मूल किरकिरत होतं, भांडं पडल्याचा आवाज आला.

‘ताई, पत्र काढलंत ना? सरळ सांगा, मला राग नाही येणार. माझा ब्रशचा डबा तेवढा कोणाला देऊ नका, मी येऊन नेते.’

‘डबा राहू दे. सोमवारी या. अर्धा दिवस, खिडकीत बसून शेड सांगायची. लिहायचं मी.’

तिकडे मुलीला खांद्यावर घेऊन थोपटल्याचा आवाज आला.

‘आणि हात?’

‘तो बरा होईल त्याच्या चालीने.’

‘दया म्हणून असेल तर नको हं, ताई. सासूबाईंच्या घरी मला तेवढी पुरते.’

‘दया नाही. दिवस मोजताना माझी चूक झाली होती.’

‘तुमची?’ रंगवाली हसली. खरंखुरं, नाकातून. ‘मग येतेच. हे बघायला तरी.’

महिना झाला. एकोणिसावा दिवस कधी उलटला ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. ताईने मात्र तो कॅलेंडरवर पाहिला आणि पान उलटलं. खिडकीशी टेबल होतं, टेबलावर दातांच्या रंगांची शेडपट्टी. डॉक्टर रुग्णांना सकाळीच पाठवत, दिवसाच्या उजेडात. रंगवाली पट्टीतला एकेक नमुना दाताशेजारी धरून डोळे बारीक करून बघे आणि आकडे सांगे, ताई चिठ्ठीवर लिहून घेई. पट्टा अजून हातावर होता, पण आता ती त्या हाताने कप उचलत होती. डॉक्टर म्हणत होते, वेळ लागेल. काही सकाळी बोटं पुन्हा बधिर असत आणि ती गप्प असे. लाल ट्रेमध्ये गेल्या आठवड्यात एकच कॅप होती. तीही, रंगवालीच्या मते, डॉक्टरांचीच चूक.

त्या दिवशी दहाचा रुग्ण आलाच नाही. खिडकीतून चांगला पांढरा उजेड येत होता. ‘फुकट चाललाय,’ रंगवाली म्हणाली. ‘ताई, बसा तुम्हीच. डोळ्यांना सवय राहील. उघडा तोंड.’

‘माझ्या तोंडात काय आहे बघायला?’

‘ते मी सांगेन ना. उघडा.’

ती बसली. रंगवालीने डाव्या हाताने तिची हनुवटी उजेडाकडे वळवली. कोणी तिच्या चेहऱ्याला हात लावून पुष्कळ दिवस झाले होते. ‘वरचे पुढचे दोन. हिरडीकडे ए-साडेतीन. मध्ये ए-तीन.’ मग ती थांबली, आणि आणखी जवळ आली. ‘इथे एक पांढुरकी रेघ आहे. दोन्ही दातांवर, एकाच उंचीला. कोणी सांगितलं नाही कधी?’

तिने उघड्या तोंडाने मान हलवली.

‘दुधाचे पडल्यावर आलेले दात ना हे, पण आत ते फार आधी बनायला लागतात. तेव्हा मूल आजारी पडलं, दूध तुटलं की बनणं थोडं अडतं, तेवढी रेघ उमटते. दात काठाकडून हिरडीकडे बनत जातो. ही काठाला अगदी लागून आहे, म्हणजे तुम्ही पाच-सहा महिन्यांच्या असाल. मी काही डॉक्टर नाही, पण वर्षाच्या आतल्या नक्की.’

तिने तोंड मिटलं. खाली रस्त्यावर कोणीतरी दुकानाचं दार ओढून वर केलं. पाच-सहा महिने. टपालाने पत्र आलं ते दिवस. त्या घरात तेव्हा दोघी आजारी होत्या, हे तिला कोणीच सांगितलं नव्हतं. मावशीलाही माहीत नसेल. एक बाई, जिचे हात थांबत नव्हते, आणि तिच्या थरथरत्या हातांत एक मूल, जे दूध घेत नव्हतं.

‘आणि त्याच्यानंतर?’ तिने विचारलं.

‘उघडा परत.’

या वेळी रंगवालीने वेळ घेतला. नमुने बाजूला ठेवले, हनुवटी थोडी वर केली, डावीकडे, उजवीकडे, बाजूचे दात, त्यामागचे. लॅबमध्ये घासण्याची यंत्रं चालू होती, काका कोणावर तरी ओरडत होते.

‘त्याच्यानंतर काही नाही,’ ती म्हणाली. ‘एक ठिपकासुद्धा नाही. हिरडीपर्यंत स्वच्छ. फार जपलंय तुम्हाला कोणीतरी.’ मग ती मागे सरली आणि पट्ट्यातला हात मांडीवर ठेवला. ‘लिहिताय ना?’

‘लिहिते,’ ती म्हणाली. तिने चिठ्ठी पुढे ओढली, त्या दिवसाची तारीख घातली आणि आपल्या नीटस अक्षरात लिहिलं: काठाजवळ एक रेघ. पुढे हिरडीपर्यंत स्वच्छ.